परभणी ओपनिंग

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हटलं की पुण्या-मुंबईचे दोस्त हसतात. हसू देत! पण परभणी, सेलू, गंगाखेडच्या मंडळींनो, बुद्धिबळात सिसिलियन आहे, व्हिएन्ना आहे, अगदी लंडनसुद्धा आहे. मग आपल्या गावाच्या नावाचं ओपनिंग का नाही?

कॅटलनवाल्यांनी ते चक्क मागून घेतलं, बॉस. १९२९ साली बार्सिलोनाला स्पर्धा होती. आयोजकांनी तार्ताकोवर या मास्टरला गळ घातली, आमच्या प्रांताच्या नावानं काहीतरी खेळा. त्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, राजाकडच्या घोड्यापुढचं एकच घर सरकवलं आणि त्या फटीत उंट बसवला. तिथून उंटाची नजर तिरकी, थेट पटाच्या पलीकडच्या टोकापर्यंत. झालं कॅटलन!

आता थेट २८ जुलै २०२५. जॉर्जियातलं बाटुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल. एकीकडे अनुभवी कोनेरू हम्पी, दुसरीकडे नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटलेले. टायब्रेकचा पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसऱ्यात पांढरी मोहरी हम्पीकडे, आणि तिनं काढलं तेच कॅटलन. प्रत्येकीला १५ मिनिटं, वर दर चालीला १० सेकंद. पाठ केलेल्या चाली संपतात, घड्याळ संपत येतं, आणि मग खरा खेळ सुरू होतो. शेवटी वेळेच्या तंगीत हम्पी चुकली. काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली.

आणि ऐका, ग्रँडमास्टर व्हायला साधारणपणे ३ नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. बाटुमीला निघताना दिव्याच्या खात्यात एकही नॉर्म नव्हता! कप जिंकला आणि किताब थेट मिळाला. भारताची ८८वी ग्रँडमास्टर.

नव्या ऑफिसात ‘कुठून आलात?’ या प्रश्नाला ‘परभणी’ म्हणताना आवाज खाली जातो ना? समोरच्याकडे मोठं कॉलेज, फाडफाड इंग्रजी. म्हणजे पांढरी मोहरी त्याची. ठीक आहे. पहिली चाल त्याची असेल, शेवटची कुणाची हे अजून ठरायचंय.

ओपनिंगला नाव मागून मिळतं. पॉइंट मात्र खेळूनच घ्यावा लागतो.