शेवटचा अंतरा कापला जायच्या आत

पेटी उघडली तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग कॅसेटी दिसल्या. चाळीसेक असतील. लेबलांवर बॉलपेनने एवढंच: ‘जयंती, रात्री, साइड बी’. एक लावून बघितली. कोणीतरी जीव तोडून गात होता, मागे बेंजो, ढोलकी, मध्येच ‘वन्समोर’चा गिल्ला. शेवटचा अंतरा आला, ज्यात कवी आपलं नाव गुंफतो, आणि तिथेच तीस मिनिटांची बाजू संपली. खट्. नाव त्या खट्मध्ये गेलं.

भीमगीतांच्या गायनपार्ट्यांवर आम्ही तिघं डॉक्युमेंटरी करतोय. कॅमेरा भाड्याचा, माइक उसना. पण हे तिघांचं काम नाही, म्हणून हे लिहितोय.

‘इंडी’ हा शब्द इथे यायच्या कितीतरी आधी वस्त्यावस्त्यांतून हे संगीत स्वतःच्या पायावर उभं होतं. दिवसा गिरणीत नाहीतर पालिकेत नोकरी, रात्री मंडप. सुपारी जयंती मंडळाची, बिदागी जमेल तशी, आणि गाण्यांची वही ट्रंकेत कुलपाखाली, कारण दुसऱ्या पार्टीने चाल उचलायला नको. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं राहिली. त्यांच्या डावीकडे बसलेला ढोलकीवाला कोण होता?

यूट्यूबवर सगळं आहे की, असं लोक म्हणतात. तिथे आहे ते बहुतेक बाजारात विकलं गेलेलं. तुमच्या गल्लीत पहाटे तीनला रंगलेला सवाल-जवाब तिथे नाही.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आठवा. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यावरचा हा चित्रपट पुरा व्हायला 2011 उजाडलं. पण घोगरे गाताना आज आपल्याला दिसतात, ते पटवर्धनांनी कितीतरी आधी, ‘हमारा शहर’ या आपल्या आधीच्या माहितीपटाच्या वेळी, त्यांच्यासमोर कॅमेरा धरला होता म्हणून. एका माणसाने चौदा वर्षं घातली तेव्हा एक चित्रपट झाला. आपल्या हातात तेवढी वर्षं नाहीत. आणि माणसं जोडली तर काय होतं तेही आपण पाहिलंय: हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

आमची एक चूक सांगतो. एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने आम्हाला दाखवलं, थंडीच्या रात्री दवाने पान उतरलं की मंडपातल्या हॅलोजनपुढे ढोलकी कशी धरायची, किती वेळ, आणि अंगठ्याने दाबून कसं ओळखायचं. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो, गेलो चार महिन्यांनी. आता त्यांचा उजवा हात चालत नाही.

तेव्हा आधी पेट्या उघडा. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, ओल्या फडक्याने पुसूही नका. कोरडी करून जाणकाराकडे न्या. चांगली असेल तर पाठीवरच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे नातवंडांच्या हातून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. स्पीकरपुढे मोबाइल धरू नका, टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला जोडा. तासाच्या कॅसेटला तास लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. वहीचं पान न् पान फोटोत घ्या, खाडाखोडीसकट.

मग माणसं. गायकाआधी कोरसवाल्यांना गाठा, त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही. कोणाची चाल, कोणाचे शब्द, हे कॅमेऱ्यासमोर नावानिशी वदवून घ्या. घरच्यांची परवानगी घ्या. आणि बिदागी द्या. ‘तुमचीच कला जपतोय’ म्हणून फुकटात गाऊन घेणाऱ्यांची मला चीड आहे.

14 एप्रिलच्या जयंतीची वाट बघू नका, तेव्हा सगळे कामात असतात. येत्या रविवारीच जा. कॅमेऱ्याची बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावा.