सोपारा बंदर आणि परभणीचा कापूस

परभणीहून मुंबईचा समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर दूर. त्यामुळे बंदरांचा इतिहास हा कोकणचा विषय, गोदाकाठच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असा समज मराठवाड्यात रुजलेला दिसतो. हा समज भूगोलाने दिलेला नाही, पारतंत्र्याने दिलेला आहे. सोपाऱ्याचा इतिहास याची साक्ष देतो.

नालासोपारा म्हटले की आज लोकल गाड्यांची गर्दी आणि दाटीवाटीच्या इमारती आठवतात. याच वस्तीच्या पोटात प्राचीन शूर्पारक दडले आहे. जमदग्निपुत्र परशुरामासाठी सागराने ही भूमी मोकळी करून दिली, असे महाभारत सांगते. पांडवांच्या तीर्थयात्रेतही शूर्पारकाचा उल्लेख येतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा याच परिसरात मिळाला आणि १९५६ मध्ये दुसरा. तीर्थ, स्तूप आणि पेठ एकाच ठिकाणी नांदत होत्या. हिंदू समाज समुद्राला पारखा होता असे शिकविणाऱ्यांनी एकदा तरी सोपाऱ्याला जावयास हवे होते.

परंतु बंदर म्हणजे केवळ धक्का आणि गलबते नव्हेत. गलबतात भरावयाचा माल जेथे पिकतो आणि घडतो तो मुलूख हाच बंदराचा प्राण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात सोपारा व कल्याणची नावे आहेत आणि पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांचीही. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून सुती कापड गाड्यांमधून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, असे हा लेखक नोंदवितो. कोकणातल्या बंदरांसाठी नाणेघाट होताच. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख तेथे आजही उभा आहे. सातवाहनांच्या काही नाण्यांवर तर जहाजच कोरलेले आढळते. त्यांची राजधानी मात्र गोदावरीच्या काठी! पैठणहून गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे वाहत जाते; तिच्या दोन्ही अंगांची काळी कसदार जमीन कापसाची. परभणीचे नाव त्या ग्रीक लेखकाने घेतलेले नाही, पण ज्या मुलखाच्या कापडाची त्याला भुरळ पडली त्या मुलखातच हा जिल्हा आहे.

या एकात्मतेचा आणखी एक पुरावा नाशिकच्या लेण्यात आहे. नहपानाचा जावई उषवदात हा कुळाने शक. तरीही भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने पांथस्थांसाठी निवारे बांधले, आणि नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. त्या नद्यांत ‘दाहनुका’, म्हणजे डहाणूची नदी, आहे. बाहेरून आलेल्याने येथील तीर्थे आपली मानली आणि येथील दानधर्म आचरला. समरसता ती हीच.

ही साखळी तुटली कशी? खाडी गाळाने भरली, हे निसर्गाचे काम. पण १५३४ मध्ये वसईचा टापू पोर्तुगीजांच्या हाती गेला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो मुक्त केला, तरी मराठवाडा पुढेही निजामाच्या अमलाखाली राहिला, तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. निजामी राजवटीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर परभणीला रेल्वे आली, तीही मीटरगेज. मनमाडला गेज बदले. मुंबईकडे जाणारा माल तेथे उतरवून पुन्हा भरावा लागे. ही अडचण दूर होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. स्वतंत्र भारतातही चार दशकांहून अधिक काळ हा जिल्हा बंदरापासून एका रुळाच्या रुंदीने तुटलेला होता!

त्याहून मोठी हानी वेगळीच. तगरहून कापड जात असे. इंग्रजी अमलात जाऊ लागल्या कापसाच्या गाठी. विणकराचा हात गेला, शेतकऱ्याचा घाम तेवढा उरला. सेलू आणि मानवतचे कापूस बाजार आजही गजबजतात. तेथे सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि धाग्याचे मोल बहुतांशी दुसरीकडे मिळते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. हे स्थान डहाणू तालुक्यात, म्हणजे उषवदाताच्या दाहनुकेजवळ आणि सोपारा ज्यात मोडते त्याच पालघर जिल्ह्यात. तेथील मच्छीमार बांधवांच्या शंका आणि त्यांचा विरोध यांचे समाधान सन्मानानेच झाले पाहिजे. किनाऱ्याचा खरा वारसदार तोच समाज आहे. जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली आणि जालना-नांदेड द्रुतगती महामार्गाची आखणी परभणी जिल्ह्यातून आहे. नाणेघाटाची वाट पुन्हा बांधली जात आहे, असे म्हणता येईल. पण त्या वाटेने काय जाणार?

परभणीच्या कृषी विद्यापीठात ‘पीए २५५’ सारखे, देशी असूनही लांब धाग्याचे कपाशीचे वाण सिद्ध झाले आहे. कमी पावसात आणि रसशोषक किडींपुढे देशी कपाशी टिकून राहते. बियाणे येथले, जमीन येथली. सूतगिरणी, हातमाग आणि रंगाई यांची जोड जिल्ह्यातच मिळाली, तर वाढवणच्या धक्क्यावर सेलू-मानवतचे कापड उतरेल. नाही तर पुन्हा गाठीच उतरतील, फक्त थोड्या लवकर पोहोचतील.