तो सज्जा आधी हेडसेटमध्ये पडू द्या

‘स्थापत्य शिकणाऱ्या पोरांना व्हर्च्युअल रिॲलिटी कशाला? पालखी मार्ग दारातून गेलाय, तो बघा की!’ हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भूमिपूजन झालेला ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा माळशिरस तालुका ओलांडतो. एवढी साईट आयती असताना डोळ्यांवर खोके कशाला बांधायचे?

पण साईट व्हिजिटमध्ये विद्यार्थ्याच्या वाट्याला येते काय? डोक्यावर हेल्मेट, कडेला उभे राहणे आणि ग्रुप फोटो. त्या दिवशी चालू असेल तेवढेच काम दिसते. पाया मुरमाखाली गेलेला असतो; गर्डरच्या केबलला ताण देताना जवळ कुणाला फिरकू देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. बांधकामात सगळा खेळ क्रमाचा. तो एका दुपारी दिसत नाही.

सज्ज्याचेच घ्या. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते, सज्ज्याची वर. ती जाळी कुणाच्या पायाखाली दबली तरी काँक्रीट ओतल्यावर सगळे ठाकठीकच दिसते. टेकू काढले की सज्जा खाली. टेकूही मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवस, जास्त असेल तर १४ दिवस ठेवा, असे आयएस ४५६ सांगते. पोरे हे पाठ करतात. पण तिसऱ्याच दिवशी टेकू काढून काय होते, हे कोणता ठेकेदार दाखवील? हेडसेटमध्ये ते खुशाल करून बघता येते, आणि कुणाचा जीव जात नाही.

आता हेडसेट विकणाऱ्यांकडे वळू. ‘प्रयोगशाळेची गरजच उरणार नाही’ हा त्यांचा दावा निव्वळ दुकानदारी आहे. नीरा उजव्या कालव्याखालची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. ती मुठीत दाबल्याशिवाय कळत नाही. ३०० मिलिमीटरचा स्लम्प कोन उचलल्यावर काँक्रीट कसे बसते, तेही हातानेच शिकायचे. शिवाय परदेशी लाकडी घरांचे तयार सॉफ्टवेअर आणले तर पैसा पाण्यातच. आपले सेंटरिंग, आपले आयएस कोड आणि मराठी सूचना त्यात हव्यात. खर्च करायचा तो तिथे; हेडसेट काय, चार-पाच असले तरी आळीपाळीने वर्गाला पुरतात.

म्हणून प्रयोगशाळेचा एकही तास न कापता आधी हेडसेट, मग साईट. सज्जा एकदा पाडून आलेला विद्यार्थी कडेला उभा राहून फोटो काढणार नाही. तो मुकादमाला गाठून विचारील, ‘मामा, वरच्या जाळीखाली चेअर किती अंतरावर लावल्यात?’