विश्लेषण : बर्फ मागे सरकतो, अंधार नाही! पेंग्विनच्या हिवाळी प्रवासाचे गणित का बिघडते आहे?

कळप सोडून एकटाच डोंगरांच्या दिशेने चालत निघालेल्या पेंग्विनची चित्रफीत बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. कुणी तिच्यावर ‘स्वतःची वाट स्वतः निवडा’ असा संदेश चिकटवला, तर कुणाला तीत नोकरी सोडण्याची प्रेरणा दिसली. ही दृश्ये वर्नर हर्झोग यांच्या २००७ सालच्या ‘एन्काउंटर्स अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ या माहितीपटातील. त्यातला पेंग्विन बंडखोर वगैरे नव्हता, भरकटलेला होता. तो निघाला त्या दिशेला ना समुद्र, ना अन्न. त्याच अ‍ॅडेली जातीचे बाकीचे पक्षी हिवाळ्यात जो प्रवास करतात, तो याहून कितीतरी थक्क करणारा आहे. पण तो होतो कॅमेऱ्यांपासून दूर, अर्धवट उजेडात. म्हणून त्याचे रील होत नाही, आणि त्यांना वाचवण्याच्या नियमांतही तो जवळजवळ नसतोच. खरी अडचण तिथे आहे.

सगळे पेंग्विन ध्रुवीय हिवाळा सोसतात का?

नाही. २०१६ मध्ये मुंबईत आलेले, राणीच्या बागेत गर्दी खेचणारे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा ध्रुवीय रात्रीशी संबंध नाही. ध्रुवीय हिवाळ्याशी आयुष्य बांधलेल्या जाती प्रामुख्याने दोन : अ‍ॅडेली आणि एम्परर. दोघांनी त्यावर काढलेले उपाय मात्र अगदी उलट आहेत.

अ‍ॅडेली हिवाळ्यात जातात कुठे?

रॉस बेटावरच्या केप रॉइड्स आणि केप क्रोझियर या वसाहती साधारण साडेसत्त्याहत्तर अंश दक्षिणेला आहेत. तिथे एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत सूर्य उगवत नाही. २००३ ते २००५ या तीन वर्षांत संशोधकांनी इथल्या पक्ष्यांवर छोटे टॅग बसवून त्यांचा माग काढला. ग्रँट बॅलार्ड, डेव्हिड एन्ली आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हर्झोग यांच्या माहितीपटात दिसणारे पेंग्विन-संशोधक हेच एन्ली.

निष्कर्ष असा की, हे पक्षी एका हिवाळ्यात जाऊन-येऊन सरासरी १२,७६० किमी अंतर कापतात. सर्वांत लांबचा प्रवास १७,६०० किमीचा होता. श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर तीनदा कापले, तरी या सरासरीपर्यंत पोहोचत नाही. अर्थात, हे सगळे अंतर पोहून किंवा चालून कापलेले नसते. वाहत्या बर्फाबरोबर पक्षीही पुढे सरकतात. आपण फलाटावर उभे आहोत आणि फलाटच चालू लागला आहे, असा हा प्रकार.

जीपीएसशिवाय हे कळले कसे?

या टॅगमध्ये सिम नव्हते, उपग्रहाशी संपर्कही नव्हता. एक घड्याळ, एक प्रकाश संवेदक आणि मेमरी, एवढेच. ठरावीक वेळाने उजेड किती आहे, याची नोंद होत राहते. दिवस किती लांबीचा होता यावरून अक्षांश निघतो. मध्यान्ह किती वाजता झाली यावरून रेखांश. जुने दर्यावर्दी सूर्यावरून जहाजाचे स्थान काढत, त्याच तत्त्वाचा हा आधुनिक अवतार. पुढच्या उन्हाळ्यात पक्षी वसाहतीत परतला, की टॅग काढून माहिती उतरवून घ्यायची. जो पक्षी परतला नाही, त्याची गोष्टही परतत नाही.

उजेड इतका महत्त्वाचा का?

अ‍ॅडेली डोळ्यांनी शिकार करतो. क्रिल (कोळंबीसारखा छोटा जीव) आणि सिल्व्हरफिश हे त्याचे मुख्य अन्न. हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढते, त्यावर क्रिलची पिल्ले जगतात. म्हणजे बर्फ हे या पक्ष्याचे विश्रांतीचे ठिकाण आहे आणि त्याच्या अन्नाचे छतही. पण पाण्यात काही दिसलेच नाही, तर अन्न असून उपयोग नाही.

त्यामुळे त्याला दोन गोष्टी एकाच जागी लागतात : बर्फ आणि थोडा तरी उजेड. टॅगच्या नोंदींत हेच दिसले. हे पक्षी बर्फाच्या बाहेरच्या कडेपासून सुमारे ५०० किमी आत, ७५ ते ८५ टक्के पाणी बर्फाने झाकलेल्या भागात राहिले. आणि तेही जिथे रोज दोन ते सात तास संधिप्रकाश मिळतो, अशा पट्ट्यात.

मग एम्पररचे काय?

अ‍ॅडेली अंधारापासून पळतो. एम्परर ऐन हिवाळ्यात पिल्ले वाढवतो. मादी एकच अंडे घालते, नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे निघते. नर उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत, एकमेकांना खेटून उभे राहून सुमारे ६५ दिवस अंडे उबवतो. विणीच्या आधीचे दिवस धरले, तर त्याचा उपास जवळपास चार महिन्यांचा होतो.

या काळात मादी शिकारीवर असते. बर्फातल्या भेगा आणि उघड्या पाण्याच्या जागा हे तिचे ठिकाण. एम्पररची सर्वांत खोल बुडी ५६४ मीटरची, तर सर्वांत लांब बुडी ३२ मिनिटांहून अधिक काळाची नोंदली गेली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ती परतली, की नर समुद्राकडे जातो. तिला फार उशीर झाला, तर नराला पिल्लू सोडून निघावे लागते. समुद्रातली तिची शिकार कशी झाली, यावर बर्फावरच्या पिल्लाचे जगणे अवलंबून असते.

गणित बिघडते कुठे?

अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ फेब्रुवारीत साधारण भारताएवढा असतो आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्या पाचपटीहून जास्त पसरतो. १० सप्टेंबर २०२३ रोजी हा विस्तार १.६९६ कोटी चौरस किमीवर थांबला. उपग्रह नोंदींतील हिवाळ्याचा तो नीचांक होता.

बर्फ दक्षिणेकडे सरकला, तर पक्षीही सरकतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे आडवे येते ते खगोलशास्त्र. पृथ्वीचा आस कललेला असल्याने २१ जूनच्या सुमारास साधारण ७३ अंशांच्या दक्षिणेला पुरेसा संधिप्रकाशही नसतो. ही रेषा हवामानामुळे हलत नाही. बर्फाची कड मात्र हलते. दोन्हींमधला पट्टा हेच अ‍ॅडेलीचे हिवाळी घर. एक भिंत पक्की आणि दुसरी आत सरकणारी असेल, तर खोली लहानच होणार. हे उद्याच घडेल असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

एम्पररला तर फटका बसलाही आहे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लांना जलरोधक पिसे येण्याआधीच फुटला. या चार वसाहतींतील त्या वर्षीची पिल्ले वाचली नसावीत, असा उपग्रह चित्रांवरून काढलेला निष्कर्ष आहे.

मासेमारीचा संबंध काय?

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या परिसरात पोषक गोळ्यांतील तेल आणि मत्स्यखाद्यासाठी क्रिल पकडले जाते. तिथल्या मासेमारीसाठी ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम ऑगस्टमध्येच बंद करावा लागला. हा झेल एकाच भागात एकवटू नये म्हणून असलेला वाटपाचा नियम २०२४ मध्ये नूतनीकरणाअभावी संपला होता.

मासेमारी कंपन्यांनी वसाहतींजवळ स्वेच्छेने पाळलेली बंदी प्रामुख्याने विणीच्या काळापुरती आहे. ती चांगलीच, पण अपुरी. दक्षिण शेटलंड बेटांवरचे अ‍ॅडेली हिवाळ्यात वेडेल समुद्राच्या बर्फाकडे जातात. वसाहतीभोवती आखलेले वर्तुळ त्यांना तिथे उपयोगी पडत नाही. जिथे पिल्ले दिसतात तिथे संरक्षण आणि जिथे ती पिल्ले जगतात की मरतात ते ठरते तिथे मोकळे रान, असा हा कारभार आहे.

भारताने काय करावे?

हा विषय आपला नाही, असे म्हणता येणार नाही. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही भारताची संशोधन केंद्रे आहेत आणि त्यांचा कारभार गोव्यात वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. दक्षिणी महासागरातील सजीवांच्या संवर्धनासाठीच्या ‘कॅमलार’ या आयोगाचा भारत सदस्य आहे. वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिकात सागरी संरक्षित क्षेत्रे घोषित करण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये सहप्रायोजक म्हणून पाठिंबा दिला. पण आयोगाचे निर्णय एकमताने होतात आणि चीन व रशियाच्या विरोधामुळे हे प्रस्ताव रखडले आहेत.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होबार्टला आयोगाची बैठक होते. तिथे पाठिंब्याच्या पत्रापलीकडे जाऊन भारताने दोन ठोस मागण्या रेटायला हव्यात. पहिली, क्रिलच्या झेलाचे भागनिहाय वाटप पुन्हा बंधनकारक करणे. दुसरी, बंदीचे नकाशे आणि तारखा ठरवताना वसाहतींबरोबर पक्ष्यांच्या हिवाळी मार्गांचाही आधार घेणे. रॉस समुद्रात १५ लाख चौरस किमीहून मोठे संरक्षित क्षेत्र २०१७ पासून अमलात आहे. त्यालाही आधी विरोध होता, शेवटी एकमत झालेच. चिकाटीने हे होऊ शकते.

पृथ्वीचा आस आपण बदलू शकत नाही. बर्फ वाचवण्याचे काम जगाला अनेक दशके पुरेल. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पेंग्विनच्या वाट्याचे अन्न शिल्लक ठेवणे, एवढे तरी येत्या काही बैठकांत ठरू शकते.