पाव फेरीचे पैसे कोण देणार?



मागच्या व्हिडिओत आपण सायकलचा मागचा गिअर, म्हणजे रिअर डिरेलर, कसा सेट करायचा ते पाहिलं. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न तंत्राचा नव्हताच. प्रश्न होता, "सर, एक स्क्रू पाव फेरी फिरवायचे पैसे कोण देणार?"

माझं मत सरळ सांगतो. पाव फेरीचे पैसे कुणीच देत नाही. पण कुठला स्क्रू, कुठल्या बाजूला आणि तो फिरवायचा की नाही, हे ज्याला कळतं त्याला लोक पैसे देतात. बरेच जण पहिली गोष्ट विकायला जातात आणि मग "मुंबईत कस्टमरच नाही" म्हणतात.

हा विषय मी का काढला ते सांगतो. बोरिवलीच्या बॅचमध्ये एक जण आहे, वय 46. नोकरी गेली, हातात पीएफचे पैसे आले. त्यातून दहिसरला गाळा भाड्याने घ्यायचा आणि सायकलचं दुकान टाकायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. डिपॉझिट, फर्निचर, स्टॉक असा सगळा हिशेब वहीत लिहून आणला होता. मी विचारलं, "तुला सायकलमधलं काय येतं?" म्हणाला, "चालवायला येते."

मी त्याला गाळा घेऊ दिला नाही. माझं चुकलं का, हे तुम्ही शेवटी ठरवा.

काम कुठून तयार झालं?

जुन्या गिअरच्या सायकलींना क्लिक नव्हती. चालवणारा लिव्हर ओढायचा, चेनचा आवाज ऐकायचा आणि आवाज थांबेपर्यंत लिव्हर थोडा मागेपुढे करायचा. सेटिंग त्याच्याच हातात होतं. 1984 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या गिअर सेटमध्ये एसआयएस पद्धत आणली. एक क्लिक, एक गिअर. प्रत्येक क्लिकला केबल ठरावीक लांबीच ओढली जाते.

चालवणाऱ्याची सोय झाली, पण एक अट आली. केबलचा ताण बरोबरच हवा. थोडा कमी-जास्त झाला की चेन दोन चक्रांच्या मध्ये खडखडत राहते, आणि चालवणारा लिव्हरने ते सुधारू शकत नाही.

नव्या सायकलची केबल आणि तिचं आवरण पहिल्या काही आठवड्यांत जागेवर बसतं, ताण उतरतो. म्हणजे ऑनलाइन मागवलेली, घरीच जोडलेली सायकल महिन्याभरात बिघडल्यासारखी वाटते. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं, फक्त सेटिंग लागतं.

2020 च्या लॉकडाऊननंतर सायकलींची मागणी किती वाढली होती आठवतंय? त्यातल्या कितीतरी आज सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात उभ्या आहेत. मालकाला विचारा, उत्तर येतं, "गिअर नीट पडत नाही हो." हा तुमचा कस्टमर. तो दुकान शोधत नाही, कारण सायकल टेम्पोत घालून नेण्याइतका त्याला त्रास नाही. तुम्हीच खाली पार्किंगमध्ये गेलात तर तो नाही म्हणत नाही.

माझा स्वतःचा अनुभव

चार वर्षांपूर्वी माझ्या सायकलचा मागचा गिअर अडकायला लागला. मुलुंडमध्ये एका दुकानात दाखवली. त्यांनी पाच मिनिटं स्क्रू फिरवले आणि सांगितलं, "डिरेलर गेला, कॅसेट पण बदलावी लागेल." आकडा ऐकून मी सायकल परत घरी आणली.

नंतर घाटकोपरला एका कारागिराने सायकलच्या मागे उभं राहून फक्त पाहिलं. म्हणाला, "काका, हँगर वाकलाय. सायकल उजव्या बाजूला पडली होती का?" पडली होती, स्टँडवरून. हँगर म्हणजे डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती. अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक सायकलींत ही पट्टी मऊ आणि बदलता येणारी असते. मार बसला तर ती वाकावी, फ्रेम वाचावी, हाच हेतू. त्याने ती सरळ केली आणि पुढचं काम पंधरा मिनिटांत संपलं.

पहिल्या माणसाला स्क्रू फिरवता येत नव्हते असं नाही. त्याने पाहिलंच नाही. आणि न पाहता पार्ट बदलायला सांगणं, हे या धंद्यातलं सगळ्यात महागडं पाप आहे. त्या दुकानात मी पुन्हा पाय ठेवला नाही.

क्रम हीच विद्या

व्हिडिओत घाईत झालं, म्हणून इथे लिहून देतो.

1. आधी बघा. हँगर सरळ आहे का? चेन किती झिजली आहे? चेनच्या 12 पूर्ण जोड्या नव्या असताना बरोबर 12 इंच भरतात. तेच माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलं, म्हणजे साधारण अर्धा टक्का, की चेन बदलायचा विचार सुरू करा. झिजलेल्या चेनवर सेटिंग करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

2. मग लिमिट स्क्रू. एच स्क्रू सगळ्यात लहान चक्राची हद्द ठरवतो, एल स्क्रू सगळ्यात मोठ्या चक्राची. हे फक्त कुंपण आहे. गिअर मधल्या चक्रांवर खडखडत असेल तर या दोघांना हात लावायचा नाही.

3. मग केबल. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर ताण कमी आहे. बॅरल अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या उलट पाव फेरी फिरवा, पॅडल मारून बघा, मग पुढची पाव. लहान चक्रावर उतरायला उशीर होत असेल तर उलट दिशेला. आणि तरीही उतरत नसेल तर केबलच्या आवरणात गंज किंवा चिखल आहे. आपल्या पावसाळ्यात हे हमखास होतं. तिथे अ‍ॅडजस्टर फिरवत बसू नका, केबल आणि आवरण बदला.

4. शेवटी बी-टेन्शन स्क्रू. सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन असताना वरची छोटी पुली त्या चक्राला घासू नये, साध्या सेटमध्ये साधारण 5-6 मिमी फट हवी.

आणि एक गोष्ट. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नाही. चेन पुसा, प्रत्येक सांध्यावर थेंब टाका, वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसा. बाहेर तेल राहिलं की हायवेची सगळी धूळ तिथे चिकटते.

भाव कसा लावायचा?

"स्क्रूचे 50 रुपये" असा भाव लावलात तर कस्टमर म्हणणार, पाच मिनिटांचं काम, 30 घ्या. त्यापेक्षा तपासणीचा भाव लावा. समजा, घरी येऊन गिअर तपासणी आणि सेटिंग 350 रुपये. पार्ट लागला तर वेगळा, बिल दाखवून. जुना पार्ट कस्टमरच्या हातात द्यायचा. काही बदलायची गरज नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं आणि तरीही 350 घ्यायचे. लाजायचं नाही. डॉक्टर "काही झालेलं नाही" म्हणाले तरी आपण फी देतोच ना?

रविवारी सकाळी एकाच सोसायटीत चार सायकली झाल्या तर 1,400 रुपये. महिन्याचे चार रविवार म्हणजे 5,600. यातून तेल, कापड, प्रवास जाणार. यावर घर चालणार नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. जून ते सप्टेंबर सायकली बाहेर कमी निघतात, तेव्हा आकडा आणखी खाली येणार. पण इथे गाळ्याचं भाडं नाही. एलन कीचा सेट, स्टार स्क्रूड्रायव्हर, केबल कटर, चेन मोजायची पट्टी, हँगर सरळ करायचं हत्यार, एवढ्यावर सुरुवात होते. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत आहे. चुकलात तर एका पिशवीएवढंच नुकसान.

काही जण म्हणतील, "सर, तुम्ही लोकांना लहान विचार करायला शिकवता." हा आक्षेप मला मान्य नाही. गाळा घेणं म्हणजे मोठा विचार नव्हे. कस्टमर मिळायच्या आधी भाडं सुरू करणं हा फक्त मोठा खर्च आहे. पन्नास सायकली स्वतःच्या हाताने केल्यावर कुठले पार्ट खपतात, कुठल्या सोसायट्या बोलावतात, पावसात किती दिवस हात रिकामे राहतात, हे तुम्हाला कळेल. मग खुशाल गाळा घ्या.

त्या माणसाचं काय झालं?

आधी तीन महिने त्याने स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या सायकली उघडल्या. मग कांदिवलीच्या दोन सोसायट्यांत सेक्रेटरीची परवानगी घेऊन रविवारचं काम सुरू केलं. दुसऱ्याच महिन्यात एक चूक केली. खडखड थांबवायला एल स्क्रू सैल केला आणि शेवटी तपासला नाही. दुसऱ्या दिवशी चढावर चेन मोठ्या चक्राच्या पलीकडे जाऊन स्पोकमध्ये अडकली. चालवणारा मुलगा कॉलेजचा होता. हाताला खरचटलं, वेग कमी होता म्हणून निभावलं.

याने स्पोकचे पैसे स्वतः भरले, घरी जाऊन माफी मागितली. त्या घराने त्याला परत बोलावलं नाही, आणि बोलवायलाही नको होतं.

पण आता तो प्रत्येक सायकल देण्याआधी केबल सैल करून डिरेलर हाताने आत ढकलतो आणि चेन स्पोकपर्यंत जात नाही ना, ते बघतो. वहीत टिक करतो, कस्टमरलाही दाखवतो. पीएफचे पैसे अजून बँकेत आहेत. सोबत त्याने अर्धवेळ नोकरी धरली आहे.

तेव्हा या आठवड्याचं काम. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा आणि गिअरच्या किती सायकली धूळ खात आहेत ते मोजा. त्यातल्या तीन मालकांना फक्त एवढंच विचारा, "का चालवत नाही?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. विकायचं काहीच नाही. धंदा करायचा की नाही, ते ती तीन उत्तरं वाचून ठरवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.