१४२८५७ : जादू म्हणू नका, भागाकार करून बघा

"चमत्कारी संख्या" म्हणून १४२८५७ व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. तिला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५, ६ ने ८५७१४२. अंक तेच सहा, क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलते. आणि ७ ने गुणलं की थेट ९९९९९९! मुलं खूश होतात, आपण फळा पुसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझं म्हणणं एवढंच की इथे फळा पुसू नये.

जादू म्हटलं की "असं का?" हा प्रश्नच संपतो. आणि इथलं कारण काही कॉलेजच्या गणितातलं नाही. दशांशात भागाकार करता येणाऱ्या मुलाला ते स्वतःच्या वहीत सापडतं. १ ला ७ ने भागायला सांगा आणि प्रत्येक पायरीला उरलेली बाकी शेजारी लिहायला लावा. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ येतात; बाकी उरते ३, २, ६, ४, ५, १. शेवटी १ उरला, म्हणजे निघालो तिथेच परत आलो. पुढे पुन्हा तेच अंक. ७ ने भागताना १ ते ६ एवढ्याच बाक्या उरू शकतात (शून्य उरलं तर भागाकार संपलाच) आणि इथे त्या सहाही येऊन जातात. मग २ ला ७ ने भागणं म्हणजे त्याच चक्रात बाकी २ पासून चालायला लागणं. म्हणून २८५७१४.

आपण फळ्यावर देतो ती उदाहरणं बहुतेक निःशेष भाग जाणारी असतात. त्यामुळे बाकी उरतच राहिली की मुलाला वाटतं आपलं चुकलं, आणि खोडरबर बाहेर येतो. या एका उदाहरणात मात्र बाकी हेच उत्तर आहे. पालकांनी घरी करून घेताना मोबाईलचा कॅल्क्युलेटर देऊ नये. तो भागाकार दाखवतो, बाकी गिळून टाकतो.

अजून एक गंमत आपल्या मातीतली. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपली १४२८५७ सुद्धा त्याच जातीची! तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ + १२२४४९ करा. हा गुणाकार मोठा आहे, गटात करायला द्या.

हुशार मुलं पुढे विचारतीलच, १३ ने भागलं तर? सांगू नका, करू द्या. १ भागिले १३ मध्ये ०७६९२३ फिरत राहतं आणि २ भागिले १३ मध्ये १५३८४६. इथे बाक्या बारा, पण चक्रं दोन.