लेण्यांवरचीं नांवें वाचा!

जुन्नरास येणारा प्रवासी बहुधा दोन ठिकाणें पाहून परततो. एक शिवनेरी, जेथें १६३० सालीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दुसरें लेण्याद्री, जेथें अष्टविनायकांपैकीं एक गणपति आहे. दोन्हीकडे अवश्य जावें. आमचें सांगणें त्याच्या आड येत नाहीं. परंतु या गांवाभोंवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या भिंतींवर जें लिहिलें आहे तें बहुजनसमाजानें मुद्दाम वाचावें असें आहे.

हीं लेणीं कोणीं केलीं म्हणून वाटेवर कोणासहि विचारा. "पांडवांनीं एका रात्रींत केलीं" हें उत्तर ठरलेलें. ऐकावयास गोष्ट गोड आहे, पण तिनें मोठा अन्याय होतो. काम एका रात्रींत झालें म्हटलें कीं, ज्यांनीं वर्षानुवर्षें छिन्नी चालविली व ज्यांनीं आपल्या कमाईंतून तिचा खर्च सोसला, त्यांचें नांवच पुसलें जातें. घाम एकाचा आणि पोथींत नांव दुसऱ्याचें, हा आमचा जुनाच अनुभव. येथें तर पोथी उघडण्याचेंहि कारण नाहीं. खरीं नांवें दगडावरच आहेत.

हे लेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे, म्हणजे सातवाहन व क्षत्रप राजांच्या काळचे आहेत. लिपीचें नांव ब्राह्मी. पण भाषा देवभाषा नव्हे, त्या वेळच्या लोकांची प्राकृत. पुढें ती लिपि अशी विसरली गेली कीं, ती शास्त्र्यासहि वाचतां येईना आणि शेतकऱ्यासहि. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें तिचा उलगडा केला, व १८८१ सालीं बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतल्या लेण्यांतील लेख छापून काढले. त्यास आतां दीडशें वर्षें होत आलीं, तरी आमच्या घरांत पांडवांचीच रात्र चालू आहे!

मग त्या लेखांत आहे तरी काय? जुन्नरच्या एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या सेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कोरीव टांकें. सेणि म्हणजे एका धंद्याच्या लोकांची बांधलेली मंडळी. दुसऱ्या लेखांत बांबूकाम करणारांची व कांसारांची सेणि येते. मानमोडीच्या डोंगरांतील एका लेखांत अदुथुम नांवाच्या शक उपासकानें वीस निवर्तनें व नऊ निवर्तनें अशी जमीन एका सेणीच्या हवालीं केल्याचें लिहिलें आहे. त्या जमिनींवरचीं करंजाचीं व वडाचीं झाडेंहि लेखांत आहेत. लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचें दान होय. शिवनेरीच्या कड्यांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्या व चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. परका माणूस येथें येऊन लोकांस पाणी देतो व जेवावयास जागा करून देतो. त्याची जात कोणीं विचारल्याचें त्या लेखांत नाहीं.

जुन्नरच्या बाहेरहि तोच प्रकार. कार्ल्याच्या प्रख्यात चैत्याचें दार धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुतारानें केलें, असें तेथें कोरलें आहे. नाशिकच्या लेण्यांत आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं ठेव ठेवल्याचा लेख आहे, आणि ती ज्या सेण्यांकडे सोंपविली त्यांत तेल गाळणारांचीहि आहे. म्हणजे घाण्यावरच्या माणसांच्या हातीं लोक पैसा ठेवीत, आणि त्याचें व्याज धर्मकार्यास नियमित पोंचेल असा विश्वास बाळगीत. कष्टकऱ्यास हिशेब कळत नाहीं, त्याला कारभार झेपत नाहीं, असें ज्यांना आजहि वाटतें त्यांनीं हा लेख एकदां पाहावा. आणि आमच्या ज्या बांधवांच्या सोसायट्या भाऊबंदकींत बुडतात, त्यांनीं तो दोनदां पाहावा.

येथें एक इशारा आमच्याच लोकांस. त्या काळचा तेली, सुतार वा कांसार हा धंद्यावरून ओळखला गेला आहे. त्यावरून "हें लेणें आमच्या जातीचें" असे नवे फलक लावूं नयेत. खोट्या पुराणाला दुसरें खोटें पुराण हें उत्तर नव्हे. जोतीरावांनीं १८७३ सालीं जो समाज स्थापिला त्याच्या नांवांतच सत्याचा शोध आहे, हें विसरूं नये. राजेलोकांचे लेखहि तेथें आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानें मानमोडीवर पोढी व मंडप दिल्याचा लेख आहे. तोहि वाचावा. सर्व वाचून मग बोलावें.

तेव्हां आमची वाचकांस विनंति अशी. यंदा जुन्नरास जाल तर एक दिवस जास्त काढा. तुळजा लेण्यांत बारा खांबांचें वाटोळें चैत्यगृह आहे, तें पाहा. मानमोडी चढा. लेण्याद्रीस गणपतीचें दर्शन घ्या, आणि तो गाभारा ज्या विहारांत आहे त्या विहाराच्या भिक्षूंच्या खोल्याहि मोजा. शिक्षकांनीं सहलीच्या आदल्या दिवशीं दोन लेखांचा मराठी अर्थ फळ्यावर लिहावा आणि मुलांकडून तीं अक्षरें दगडावर शोधून घ्यावीं. कोळशानें आपलें नांव भिंतीवर लिहिणाऱ्यास तेथल्या तेथें हटकावें. दुसऱ्याचें दोन हजार वर्षांचें नांव खराब करण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.

ज्यांनीं पाणी दिलें, जागा दिली, दार घडविलें, त्यांनीं आपलीं नांवें लोकांच्या भाषेंत लिहून ठेविलीं. त्यांचें काम त्यांनीं केलें. वाचण्याचें काम आपलें आहे.